अजिंठ्याचा रंग आणि शेंद्र्याचा पडदा

१/ छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने पूर्वेस निघाले की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. येथे मोटारी तयार होतात. दिल्ली–मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधील ‘ऑरिक’ नगरीचा एक भागही येथेच आहे. अशा ठिकाणी वेष्टनाची रचना, माहितीपत्रक किंवा रंगाचा नमुना संगणकावर तपासणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न रोज उभा राहतो: पडद्यावर दिसतो तोच रंग खरा आहे काय?

२/ याच जिल्ह्यात हा प्रश्न सुमारे एकशे ऐंशी वर्षांपूर्वी विचारला गेला होता. जागा होती अजिंठ्याची लेणी आणि साधन होते कॅनव्हास व तैलरंग. रंगकामासाठी संगणक निवडताना आज जे निकष सांगितले जातात, त्यांतील बहुतेकांमागची कारणे त्या इतिहासात सापडतात.

३/ एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यास ही लेणी आढळली. भित्तिचित्रे झिजत आहेत हे लवकरच ध्यानात आले. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांच्याकडे प्रतिकृतींचे काम सोपवले. काळोख्या लेण्यांत त्यांनी अनेक वर्षे मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि ते लंडनला पाठवले.

४/ डिसेंबर १८६६ मध्ये सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तेथे मांडलेल्या गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती जळाल्या; मोजक्याच उरल्या. गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही घेतली होती, परंतु तो काळ कृष्णधवल छायाचित्रांचा. आकार टिकले, रंग गेले.

५/ दरम्यान १८६१ मध्ये लंडनला जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी एक प्रयोग दाखवला. एकाच रंगीत फितीची तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेली तीन छायाचित्रे त्यांनी पडद्यावर एकमेकांवर टाकली आणि रंगीत प्रतिमा उमटली. आजचा प्रत्येक मॉनिटर याच तत्त्वावर चालतो: प्रत्येक बिंदूत तीन दिवे आणि बाकी सारे रंग त्यांच्या मिश्रणाचे.

६/ १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८८५ पर्यंत सुमारे तीनशे कॅनव्हास तयार झाले. त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत त्यांतील अनेक नष्ट झाले. एकाच चित्रांच्या नशिबी दोनदा आग आली.

७/ आगीपेक्षा दूरगामी हानी वेगळीच होती. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून नकलेपूर्वी मूळ भिंतींवर वॉर्निश लावले गेले. क्षणभर रंग उजळले. पुढे थर पिवळा पडला. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारा गिलावा जागच्या जागी बसवला, पण त्यांनी वापरलेली लाखही कालांतराने पिवळसर झाली. उजळपणाला खरेपणा समजण्याची किंमत मूळ चित्रांनी मोजली.

८/ या सर्व प्रयत्नांत एका गोष्टीची उणीव होती, ती म्हणजे रंग मोजण्याचे सर्वमान्य माप. गिल यांचा हिरवा भिंतीवरील हिरव्याशी कितपत जुळत होता, हे ताडण्याचा मार्ग त्या काळी डोळ्यांखेरीज नव्हता. ते माप १९३१ मध्ये आले. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने सामान्य मानवी डोळ्यास दिसणारे सर्व रंग एका आलेखात बसवले. मॉनिटरच्या खोक्यावर छापलेली टक्केवारी आजही त्याच परंपरेतून येते.

९/ त्या आलेखावर मॉनिटरच्या तीन मूळ रंगांचे तीन बिंदू जोडले की त्रिकोण तयार होतो. त्रिकोणाच्या आतले रंग तो पडदा दाखवू शकतो, बाहेरचे नाही. या पल्ल्यालाच गॅमट म्हणतात. त्रिकोण जितका मोठा, तितका पल्ला विस्तृत.

१०/ त्रिकोण मोठा करणे हीच प्रगती, असे इतिहास सांगत नाही. १९५३ च्या अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणी मानकाचा पल्ला बराच विस्तृत होता. पण ते फॉस्फर मंद होते. घरोघरी उजळ चित्र हवे म्हणून उत्पादकांनी तेजस्वी फॉस्फर वापरले आणि प्रत्यक्षातला पल्ला आक्रसला. येथेही उजळपणाने खरेपणावर मात केली.

११/ भारतात रंगीत दूरचित्रवाणी १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी आली. त्याच दशकात पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. शेंद्र्याची वसाहत नावारूपास येण्यापूर्वीच या जिल्ह्यातून रंगीत पडदे देशभर जात होते.

१२/ काचेच्या नळीच्या त्या पडद्यांचा पल्ला संगणकाच्या वाट्याला वारशाने आला. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेले एसआरजीबी मानक त्यावरच बेतलेले होते. १९३१ च्या आलेखाचा जेमतेम ३५ टक्के भाग त्यात येतो. १९९८ मधील अ‍ॅडोबी आरजीबी सुमारे ५० टक्क्यांपर्यंत जाते. वाढ मुख्यतः हिरव्या आणि निळसर-हिरव्या छटांत आहे. चित्रपटगृहांसाठीचे डीसीआय-पी३ तांबड्याकडेही विस्तारते.

१३/ मग विस्तृत पल्ल्याचा पडदा कोणाला हवा? उत्तर कामावर अवलंबून आहे. छपाईची निळी शाई, सायन, हिच्या काही गडद छटा एसआरजीबीबाहेर पडतात. म्हणून छपाईपूर्व कामास अ‍ॅडोबी आरजीबीजवळ जाणारा पडदा उपयोगी. पैठणीच्या रेशमातील भरगच्च मोरपिशी रंग टिपायचा असेल तरीही तोच. धूपछांव वस्त्राचा कोनानुसार बदलणारा रंग मात्र कोणत्याही सपाट पडद्यावर पूर्ण उतरत नाही. मोटारीच्या धातुचमकीचेही तसेच.

१४/ अजिंठ्याची गोष्ट याच्या उलट आहे. तेथील रंगांत तांबडी व पिवळी गेरूमाती, हिरवी माती, चुना आणि काजळी यांचा भरणा आहे. पाचव्या शतकातील चित्रांत लाजवर्दचा निळाही येतो. हे मातीचे रंग संयत आहेत आणि त्यांतील बहुतेक साध्या एसआरजीबीतही सामावतात. तेथे पल्ल्यापेक्षा अचूकता मोलाची, कारण दोन गेरूंमधील सूक्ष्म फरक हेच चित्राचे सौंदर्य आहे.

१५/ म्हणून निवडीचा क्रम असा लावता येतो. प्रथम मॉनिटर: आयपीएस प्रकारचे पॅनेल, कामाला लागणाऱ्या मानकाची पूर्तता आणि १० बिट खोली. ८ बिटांत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे १.६७ कोटी रंग. १० बिटांत १,०२४ पायऱ्या, म्हणजे १०७ कोटींहून अधिक. आकाशाच्या छटांत पट्टे दिसू नयेत यासाठी त्या लागतात. ग्राफिक्स कार्ड आणि सॉफ्टवेअर यांनीही १० बिटांची साथ द्यावी लागते.

१६/ दुसरे, रंगमापक यंत्र. पडद्याचे दिवे काळानुसार बदलतात. वॉर्निश पिवळे पडते तसेच. ठरावीक काळाने कॅलिब्रेशन करून प्रोफाइल बनवावी. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाने, आयसीसीने, ही प्रोफाइल सर्व संगणकांना कळेल अशी भाषा घडवली. प्रोफाइलविना विस्तृत पडद्यावर साधे एसआरजीबी चित्र उघडले तर ते भडक दिसते. लेण्यांतील वॉर्निशची ही आजची आवृत्ती.

१७/ तिसरे, खोलीचा उजेड. लेण्यात सकाळ-संध्याकाळ एकच चित्र निराळे भासते. खिडकीलगतच्या टेबलावरही तेच घडते. स्थिर, मंद प्रकाश, फिकट करड्या भिंती आणि पडद्याची माफक उजळी पुरते. सुटा मॉनिटर घेतला तर पुढे संगणक बदलला तरी पडदा कायम राहतो, हाही लाभ.

१८/ चौथे, प्रती. १८६६ आणि १८८५ च्या आगींनी शिकवलेला धडा साधा आहे: सर्व ठेवा एका छपराखाली नसावा. साठवणीसाठी दुसरी डिस्क घ्यावी आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी.

१९/ गुलाम याझदानी यांनी १९३० पासून छायाचित्रांच्या आधारे अजिंठ्याचे रंगीत खंड प्रसिद्ध केले, तेव्हा नक्कल करणाऱ्या हाताची जागा यंत्राने घेतली. तरी यंत्राने दाखवलेला रंग कोणत्या मापाने खरा, हे ठरवणे माणसाकडेच राहिले. आज कोणत्याही लेण्याचे चित्र टिपताना चौकटीत ओळखीच्या रंगांची पट्टी ठेवता येते. भिंतीवरचा गेरू शंभर वर्षांनी फिकटला, तरी त्या पट्टीशी ताडून मूळ छटा सांगता येईल. गिल यांच्या कॅनव्हासांबरोबर अशी पट्टी नव्हती. म्हणून जळालेल्या चित्रांचा खरेपणा आता कोणालाच तपासता येत नाही.