सिव्हिल सर्जनच्या शल्याची कुळकथा

जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाला आपण सिव्हिल सर्जन म्हणतो, सरकारी मराठीत जिल्हा शल्यचिकित्सक. त्या खुर्चीवर बसायला शस्त्रक्रियाच यायला हवी असं नाही. मग नाव शल्याचं का?

इंग्लंडमध्ये फिजिशियन वरचा. तो विद्यापीठात शिकलेला, औषध लिहून देणारा. सर्जन म्हणजे मुळात ‘हातानं काम करणारा’. 1540 पासून लंडनचे सर्जन न्हाव्यांबरोबर एकाच संघात होते, ते 1745 मध्ये वेगळे झाले. तिथले बरेच सर्जन आजही डॉक्टरऐवजी मिस्टर लावतात.

इथं मात्र हाच खालचा शब्द सर्वांत वर गेला. क्लोरोफॉर्ममुळे शस्त्रक्रियेचा दबदबा वाढला आणि त्यातून हे घडलं, असा तर्क कुणी मांडेल. पण क्लोरोफॉर्म आला 1847 मध्ये आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत सर्जन हा हुद्दा अठराव्या शतकापासूनचा. माझ्या मते याचं मूळ जहाजावर आणि पलटणीत आहे. जखमा शिवायला नेमलेल्या माणसालाच हिवतापाचा काढा आणि हगवणीची पुडीही द्यावी लागे. काम पसरलं, तसा शब्दही पसरला. पलटणीतून जिल्ह्यात आला, तेव्हा त्याला ‘सिव्हिल’ जोडलं गेलं.

मला थक्क केलं ते मराठी प्रतिशब्दानं. शल्य म्हणजे बाणाचं टोक, अंगात रुतलेला काटा. सुश्रुतानं आयुर्वेदाच्या आठ अंगांत शल्यतंत्राला पहिला मान दिला. म्हणजे शल्य हा शब्दही रणांगणाशी जोडलेला. भाषांतरकारानं नुसता कोश पाहिला असेल, तरी हुद्द्याचं लष्करी कूळ त्यात नेमकं उतरलं.

वैद्य या शब्दाचं कूळ निराळं आहे. तो ‘विद्’पासून, जाणण्यापासून आला. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांना नाव दिलं ‘भारतवैद्य’. डॉक्टर म्हटलं की पदवी आली, सर्जन म्हटलं की सुरी आली. गरोदर बाईची विचारपूस करणारी, तापाची लक्षणं ओळखणारी, कुणाला दवाखान्यात कधी न्यायचं हे जाणणारी शेजारीण या दोन्हींत मावत नाही. तिच्यासाठी वैद्यच हवा होता, आणि अणदूरनं तो अचूक निवडला.