दोन हजार ओहमपासून बत्तीसपर्यंत

हेडफोनच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो आणि घेणारा बहुतेकदा तो वाचतच नाही. ३२ ओहम, ८० ओहम, २५०, ३००, ६००. पुण्यात तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजातली मुलं येतात आणि विचारतात, "काका, दहा हजारांत चांगला हेडफोन आणि अ‍ॅम्प दोन्ही बसतील का?" मी आधी एवढंच विचारतो, की लावणार कशाला? फोनला, लॅपटॉपला, की घरातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला? हे कळल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नसतो.

ओहमचा, म्हणजे विद्युत रोधाचा, आकडा हेडफोन चांगला की वाईट ते सांगत नाही. महाग म्हणजे जास्त ओहम असंही नाही. तो हेडफोन कोणत्या यंत्राला जोडायचा म्हणून घडवला गेला, हे त्या आकड्यात लिहिलेलं असतं. शंभराहून अधिक वर्षांचा हा इतिहास आहे आणि तो माहीत असला की निम्मे पैसे वाचतात, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या युटा राज्यात झाली. नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसानं १९१० मध्ये अमेरिकेच्या नौदलाला स्वतः बनवलेल्या हेडफोनचा नमुना पाठवला. तो त्यानं घरच्या स्वयंपाकघरात तयार केला होता. नौदलातल्या लोकांनी तपासला तर हाताशी असलेल्या रिसीव्हरपेक्षा तो कितीतरी सरस निघाला. त्यांनी मागणी नोंदवली, तेव्हा बाल्डविननं कळवलं की एका वेळी दहाच करता येतील, कारण कारखाना म्हणजे तेच स्वयंपाकघर. बाल्डविनच्या रचनेत चुंबकाच्या ध्रुवांच्या मधोमध एक लोखंडी पट्टी तोललेली असे. तारेतून प्रवाह गेला की ती इकडे-तिकडे हले आणि एका बारीक दांडीनं अभ्रकाच्या पडद्याला हलवी. ही तोललेली पट्टी लक्षात ठेवा, पुढे तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

त्या काळात अ‍ॅम्प्लिफायर सामान्य माणसाच्या घरात नव्हताच. होता तो क्रिस्टल सेट. गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार, एक कॉइल, आणि घराबाहेर ताणलेली एरियलची लांब तार. अशा स्फटिकानं लहरी टिपण्याचं अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये आपल्या जगदीशचंद्र बोस यांना मिळालं होतं. या सेटला ना सेल ना वीज. एरियलनं हवेतून जेवढी ऊर्जा पकडली तेवढ्यावरच कानातला पडदा हलवायचा. प्रवाह अत्यंत क्षीण, म्हणून चुंबकाभोवती तारेचे हजारो वेढे द्यावे लागत. एवढे वेढे छोट्याशा रिळावर बसवायचे तर तार केसाहून बारीक घ्यावी लागते, आणि बारीक लांब तार म्हटली की रोध वाढणारच. म्हणून २००० ओहम, ४००० ओहम. ओहम कुणालाच नको होते. हवे होते ते वेढे.

असा एक जोड माझ्या दुकानात आहे. काळ्या बेकलाइटचं झाकण फिरवून काढलं की आत लोखंडाची पातळ चकती दिसते. ती सरळ उचलायला गेलं तर चुंबक सोडत नाही, नखानं कडेकडेनं सरकवून काढावी लागते. खाली चुंबकाच्या दोन टोकांवर दोन चपटी रिळं. मल्टिमीटर लावला की एका कानाला साधारण हजार ओहम, दोन्ही मालिकेत जोडलेले म्हणून दोन हजार. दोरीवर सुताचं आवरण आहे आणि एका दोरीच्या विणीत लाल धागा आहे. तो शोभेचा नाही. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्लेटचा प्रवाह थेट हेडफोनमधून जात असे. तो उलटा गेला तर आतलं चुंबक हळूहळू कमजोर पडायचं, म्हणून धन बाजू कोणती ते त्या धाग्यावरून ओळखायचं. बनवणाऱ्यानं वापरणाऱ्याचा केवढा विचार केला होता ते त्या एका धाग्यात दिसतं.

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. दीड किलोवॅटचं प्रक्षेपण, ऐकायचं तर वर्षाला दहा रुपयांचा परवाना. क्रिस्टल सेटवर शहरात आणि जवळपासच ऐकू येई. माझे आजोबा तेव्हा गिरगावात चाळीत राहत. समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांमध्ये एरियलची तार बांधलेली असायची, वाळत घातलेल्या धोतरांच्या वर. हेडफोन एकच आणि ऐकणारे सगळं बिऱ्हाड. मग तो पितळेच्या वाडग्यात ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती डोकी जवळ आणून बसायचं, की गाणं थोडं मोठं होऊन ऐकू यायचं. गायला कोण होतं हे आजोबांना पुढे आठवत नसे. वाडगं मात्र आमच्याकडे बरीच वर्षं होतं. कंपनी काही चालली नाही, १९३० च्या मार्चमध्ये बुडालीच. सरकारनं केंद्रं ताब्यात घेतली आणि १९३६ मध्ये त्या सेवेचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. तोवर व्हॉल्व्ह आणि लाउडस्पीकर आले होते, आणि घरातून हेडफोन हद्दपार झाला.

तो उरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, बिनतारी यंत्रावर आणि स्टुडिओत. ६०० ओहमचा आकडा इथला. खांबांवरून जाणाऱ्या टेलिफोनच्या उघड्या तारांच्या जोडीचा स्वाभाविक रोध साधारण ६०० ओहमच्या घरात असतो. सगळी उपकरणं त्याला जुळवून केली गेली आणि रेडिओ स्टुडिओंनी तोच शिरस्ता उचलला. बर्लिनच्या बायर कंपनीनं १९३७ मध्ये डीटी ४८ हा हेडफोन काढला. लाउडस्पीकरसारखी हलणारी कॉइल असलेला हा सुरुवातीचा हेडफोन कित्येक दशकं बनत राहिला. त्याच घराण्यातले डीटी ८८० आणि ९९० यांच्या ६०० ओहमच्या आवृत्त्या मुलं विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना सांगतो की ही मूळची स्टुडिओची जात आहे. तिला व्होल्ट भरपूर लागतात, प्रवाह थोडा पुरतो.

घरात हेडफोन परत आणला तो जॉन कॉसनं. मिलवॉकीत त्याचा धंदा होता इस्पितळांतल्या रुग्णांना टीव्ही भाड्यानं देण्याचा. १९५८ मध्ये त्यानं आणि त्याचा भागीदार मार्टिन लँग यानं एक ग्रामोफोन प्रदर्शनात मांडला. दुसऱ्याला त्रास न होता ऐकता यावं म्हणून त्यासोबत स्टिरिओ हेडफोन ठेवला. लोकांनी ग्रामोफोनकडे पाहिलंही नाही, हेडफोनला गर्दी झाली. पुढं १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरनं एचडी ४१४ आणला. पिवळ्या स्पंजच्या गाद्या, कानामागची बाजू मोकळी, वजनाला हलका. रोध २००० ओहम! क्रिस्टल सेटचाच आकडा, पण कारण अगदी वेगळं. टेपरेकॉर्डर, रेडिओ, काहीही असो, हा हेडफोन लावला तर त्या यंत्रावर भारच पडत नसे. कुठंही खुपसा, चालतो. एक कोटीहून जास्त विकले गेले ते उगाच नाही.

सत्तरच्या दशकातल्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हेडफोनसाठी वेगळं सर्किट क्वचितच असे. स्पीकरकडे जाणाऱ्या तारेतूनच एक फाटा काढायचा, मध्ये दोन-चारशे ओहमचा रेझिस्टर टाकायचा आणि पुढच्या पट्टीवर जॅक बसवायचा. स्वस्त आणि साधं. समोर ३००-६०० ओहमचा हेडफोन असेल तर बिघडत फारसं काही नाही. तेच समोर ३२ ओहमचा आला तर मधल्या रेझिस्टरमध्येच बहुतेक व्होल्ट संपतात, आणि पडद्यावरचा लगाम सुटतो. खर्ज सैल पडतो. तबल्यातला बायाँ ऐकावा, घुमारा थांबायला हवा तिथं थांबत नाही.

हा बत्तीसचा आकडा कुठून आला? सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये १ जुलै १९७९ रोजी विक्रीला आला, किंमत ३३,००० येन. दोघांनी मिळून ऐकावं म्हणून त्याला दोन जॅक होते. त्यासोबतचा हेडफोन पन्नास ग्रॅमच्या आसपास. त्याआधीचे बहुतेक याच्या कैकपट जड. वॉकमन चालायचा दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर. एवढ्यात जास्तीत जास्त एक व्होल्टच्या आसपास संगीत बाहेर पडतं. आता साधं गणित. एक व्होल्ट २००० ओहमला दिला तर अर्धा मिलिवॅट मिळतो, ६०० ओहमला पावणेदोनच्या आत, ३०० ला सव्वातीन आणि ३२ ला एकतीस. सेलचे व्होल्ट वाढवता येत नव्हते, म्हणून कॉइल बदलली. आपल्याकडे हे वॉकमन दुबई-मस्कतहून आले. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत आखातात गेलेल्या मुलानं पहिल्या सुट्टीत आणलेली ही वस्तू होती. ज्यांचं कुणी बाहेर नव्हतं ते मुंबईत मनीष मार्केटला जात. ऐंशीच्या दशकात माझ्याकडं दुरुस्तीला सगळ्यात जास्त यायची ती या हेडफोनची तुटलेली वायर, जॅकपासून दोन बोटांवर तुटलेली.

मग एक पेच तयार झाला. घरात सगळी यंत्रं वॉकमनच्या कुळातली, आणि जाणकारांना हवे ते हेडफोन स्टुडिओच्या कुळातले. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ मधला, ३०० ओहमचा. तानपुऱ्याची जवारी त्यावर ऐकावी. तार छेडल्यावर सूर उमलत वर जातो आणि त्यातला गंधार आपोआप सुटा होऊन ऐकू येतो, स्पीकरवर ते फार थोड्या घरांत जमतं. पण हा हेडफोन फोनला लावला की आवाज पडतो. या पेचातून स्वस्त हेडफोन अ‍ॅम्पचा जन्म झाला. नव्वदीच्या शेवटी सीमॉय नावाचं सर्किट आलं. एक ऑप-अ‍ॅम्प, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, आणि हे सगळं पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत. जगभरच्या पोरांनी ते केलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आमच्या तपकीर गल्लीत त्याचं सामान किरकोळीत मिळतं. त्यात एनई ५५३२ ही ऑप-अ‍ॅम्प चिप घातली तरी २५०-६०० ओहमला ते उत्तम चालतं, कारण ती चिप मुळात ६०० ओहमच्या स्टुडिओ लाइन चालवायलाच बनवली होती. ३२ ओहमला मात्र तिचा प्रवाह कमी पडतो.

२०११ मध्ये एका अभियंत्यानं आपलं नाव गुप्त ठेवून ओटू नावाच्या अ‍ॅम्पचा आराखडा सगळ्या मोजमापांसकट जाहीर केला. प्रवाह पुरवायला एनजेएम ४५५६ ही साधी चिप, आउटपुटचा रोध जेमतेम अर्धा ओहम. महागड्या अ‍ॅम्पमध्ये जे असतं ते थोडक्या पैशांत होतं, हे त्यानं आकड्यांनी दाखवलं. एक नियमही त्यानं लोकांच्या तोंडी बसवला, की अ‍ॅम्पचा आउटपुट रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी हवा. वर्षभरानं तो गप्प झाला आणि तो कोण होता ते आजवर उघड झालं नाही. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच्यानंतर बाजारातल्या स्वस्त अ‍ॅम्पना मोजमापं लपवणं अवघड झालं.

आणि बाल्डविनची तोललेली पट्टी? ती श्रवणयंत्रांत टिकून राहिली. १९९१ मध्ये एटिमोटिकच्या ईआर-४ मधून ती संगीत ऐकणाऱ्यांच्या कानात परत आली. आजच्या कितीतरी इन-इअरमध्ये तीच बसवलेली असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. एका कानात अशा दोन-चार पट्ट्या असल्या तर खर्जापासून तारापर्यंत रोध सारखा वरखाली होतो. अशा इन-इअरला ताकद नको असते, पण अ‍ॅम्पचा आउटपुट रोध एक-दोन ओहमच्या आत हवाच, नाहीतर सुरांचा रंग बदलतो.

म्हणून दहा हजारवाल्या मुलाला मी अ‍ॅम्प आधी घेऊ देत नाही. फोनला लावायचा असेल तर ३२ ते ८० ओहमचा हेडफोन घ्यावा, जवळजवळ सगळे पैसे त्यातच घालावेत, आणि फोनला जॅक नसेल तर हजाराच्या आतबाहेर मिळणारा एक व्होल्टचा डोंगल घ्यावा. ३०० ओहमचा हेडफोन वापरलेला मिळाला तर सोडू नये. त्याच डोंगलवर तो शंभर डेसिबलच्या आसपास जातो, घरात ऐकायला पुरतो. हळू आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या मैफलीच तेवढ्या उण्या पडतात, तेव्हा अ‍ॅम्प बघावा. आणि घरात आजोबांचा सत्तरच्या दशकातला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर पडून असेल तर तो माझ्याकडे घेऊन यावा. कपॅसिटर बदलून आवाजाची खरखर काढली की २५० ते ६०० ओहमच्या हेडफोनला तो भरपूर व्होल्ट देतो. मधल्या रेझिस्टरमुळे ३०० ओहमच्या हेडफोनचा खर्ज एखाद-दुसऱ्या डेसिबलनं वाढतो, पण तो कानाला गोडच लागतो. त्या काळी त्या जॅकला लावायला असे हेडफोनही असत.