मित्रराज्यांची वही आणि आपले नाव

दोन सरकारांची मैत्री झाली की माहितीची देवाणघेवाण सुरू होते. ‘सुरक्षा’ एवढे एकच कारण त्यासाठी पुरते. पण ज्याची माहिती दिली-घेतली जाते, त्याला कोणी विचारते का? हा प्रश्न इंटरनेटने आणलेला नाही. आपल्या वऱ्हाडाला तो जवळपास दोनशे वर्षे जुना आहे.

१८३६ मध्ये अमरावती-अकोला निजामाच्या राज्यात होते. निजामाने १७९८ मध्येच इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली होती, म्हणजे दोघे ‘मित्र’. त्या काळात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून ठगांच्या वंशावळी लिहून काढल्या. १८३६ च्या कायद्याने ठरवले की, माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मभर सक्तमजुरी. टोळी कंपनीच्या हद्दीतली असो की बाहेरची, कायद्याआधीची असो की नंतरची. म्हणजे हद्द ओलांडायची मुभा सरकारला मिळाली, बचावाचा हक्क मात्र मागेच राहिला.

१८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी खुद्द वऱ्हाडच इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यात टोळीच्या जागी अख्खी जमात आली. आरोपाला आता जन्म पुरेसा होता. जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नव्हते. १९११ च्या कायद्याने नोंदवलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. मनुस्मृतीने जे जन्मावर ठरवले, तेच इंग्रजांनी रजिस्टरात उतरवले. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार जमाती यांचा प्रश्न एकत्र मांडला, तो उगाच नाही.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही. अमरावती-अकोल्यात काम करताना आम्ही पाहतो, कुठे चोरी झाली की संशय आधी पारधी बेड्याकडेच वळतो.

आता वहीची जागा संगणकाने घेतली आहे. २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार ठसे, बुबुळांच्या नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात आणि इतर तपास यंत्रणांना देता येतात. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे. पण वाटल्या गेलेल्या प्रतींचा हिशेब बेड्यावरचा माणूस कुणाकडे मागणार?

युरोप-अमेरिका हेही मित्रच. तरी मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन तरुणाच्या खटल्यांत युरोपच्या न्यायालयाने २०१५ आणि २०२० मध्ये दोघांमधील माहिती-हस्तांतरणाची व्यवस्था रद्द ठरवली. २०२० च्या निकालात कारण स्पष्ट आहे: अमेरिकी यंत्रणांच्या पाळतीविरुद्ध युरोपीय नागरिकाला तिथे प्रभावी दाद मागता येत नव्हती. आपल्याकडे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपण मूलभूत हक्क ठरला. पण २०२३ चा माहिती संरक्षण कायदा देशाची सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्राला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ देतो.

सुरक्षा नको, असे आम्ही म्हणत नाही. गुन्हेगार हद्द ओलांडतो, तर पोलिसांनीही एकमेकांना मदत करावी. पण नोंद जिथे जिथे जाईल, तिथे तिथे ती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि न्यायालयात जाण्याचा हक्कही सोबत गेला पाहिजे. घटनेच्या ज्या कलम ३२ ला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले, ते दाद मागण्याचेच कलम आहे.

मित्रांनो, माहिती संरक्षण हा शहरी, मोबाइलवाल्यांचा विषय समजू नका. या वहीत सर्वात आधी आपल्याच माणसांची नावे लिहिली गेली होती.

जय भीम!