धुरा, गाळ आणि कालव्याचे पाणी

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात, वैनगंगेवरील गोसीखुर्द येथे 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते इंदिरासागर धरणाची पायाभरणी झाली. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर शेती भिजविणे हे त्याचे उद्दिष्ट. वाढलेल्या खर्चाची आणि रखडलेल्या कालव्यांची चर्चा पुष्कळ झाली. हे पाणी ज्या मातीत जिरायचे, तिची मात्र फारशी झाली नाही.

धानाच्या शेताला येथे बांधी म्हणतात. उताराची जमीन सपाट तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याभोवती मातीचा धुरा घालतात. वरच्या बांधीतील जादा पाणी सावकाश खालच्या बांधीत उतरते आणि त्याबरोबर आलेली बारीक माती तेथेच बसते. धुरा फुटला की पाण्यासोबत सुपीक थरही जातो. म्हणून पावसाळ्यापूर्वी धुरे सावरणे हे नांगरणीइतकेच निकडीचे काम. याच धुऱ्यावर तूर लावतात. शहरी पाहुण्याला जो नुसता बांध वाटतो, तो घरच्या वरणाची सोय असतो.

दुसरा आधार मालगुजारी तलावांचा. गोंड राजवटीत कोहळी समाजातील जाणकारांनी बांधलेल्या या तलावांतील गाळ उन्हाळ्यात बैलगाड्यांनी बांधीत पडे. हलकी जमीन त्यामुळे ओल धरी आणि तलावही खोल राही. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ उपसण्याची गावाची सवय सुटत गेली. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही 2017 ची योजना म्हणजे त्याच रीतीचे सरकारी रूप होय.

धरणात गाळ तळाशी बसतो. कालव्यातून त्यातला थोडाच शेतात पोचतो. शिवाय बारमाही पाणी मिळाले की शेतकरी उन्हाळी धानाकडे वळतो. पूर्वी उभ्या धानातच लाखोरी फेकून पेरीत. नांगर न लावता, उरल्या ओलीवर हे पीक येई आणि द्विदल असल्याने जमिनीला नत्रही देई. धानावर धान घेतल्यास ही फेरपालट मोडते. वर्षातून दोनदा होणाऱ्या चिखलणीने नांगराच्या तळाखालची माती घट्ट होते. रोख पैसा देणारे पीक सोडा, असे शेतकऱ्याला सांगणे अर्थात सोपे नाही. पण पवनी-लाखांदूरच्या चौरास भागातील भारी जमिनीत जादा पाणी लवकर निचरत नाही. तेथे कालव्याच्या पाटांबरोबर निचऱ्याचे चरही खोदावे लागतील.