दुकानात पुराचं पाणी शिरलं, तर भरपाई मिळते का?

उल्हास आणि वालधुनी नद्या फुगल्या की कल्याण परिसरातल्या सखल भागात पाणी शिरतं. २६ जुलै २००५ ला शिरलं, जुलै २०१९ मध्येही शिरलं. तळमजल्यावरच्या छोट्या दुकानदाराचं मग काय होतं?

सरकारी मदत मिळायची तर आधी पंचनामा व्हावा लागतो. पण पाणी ओसरताच आपण भिजलेला माल फेकतो आणि दुकान धुऊन काढतो. म्हणजे पुरावाच धुतो! त्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा.

किती पैसे मिळणार, हे त्या-त्या वेळच्या शासन निर्णयावर ठरतं. २०२१ च्या महाड-चिपळूणच्या पुरानंतर दुकानदारांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये ठरले. टपरीधारकांसाठी मर्यादा १० हजार. खरी मेख अटींमध्ये होती. दुकानदार स्थानिक रहिवासी हवा, नाव मतदार यादीत हवं, रेशन कार्ड हवं. टपरीला परवाना हवा. हीच अट इथे लागली, तर अंबरनाथला राहून कल्याणात दुकान चालवणाऱ्याने काय करायचं? आणि विनापरवाना वडापावची गाडी लावणारा तर यादीतच येत नाही.

विम्याचा पर्याय आहे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी मिळते. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असलेल्या या पॉलिसीत पुराचं नुकसानही येतं. बँकेचं कॅश क्रेडिट असेल, तर मालाचा विमा अनेकदा बँकेनेच काढलेला असतो आणि मालकाला पत्ताच नसतो. खात्याचं स्टेटमेंट एकदा तपासा.