मजकूर थोडा, निरोप फार

बायझँटाइन पंडितांची पत्रे पहिल्यांदा वाचणारा बहुधा वैतागतो. पत्र आल्याचा आनंद, उत्तराला उशीर झाला म्हणून लटका राग, होमरचा एखादा दाखला, की संपले पत्र. कामाचे बोलणे सापडत नाही, कारण ते बऱ्याचदा पत्र नेणाऱ्याच्या तोंडी दिलेले असे. सोबत एखादी भेट जाई: मासे, चीज, कधी पुस्तक. लिहून ठेवायची ती मैत्री, तीही नटवून.

या रिवाजाची घडी चौथ्या शतकातच बसली. अँटिऑकला वक्तृत्व शिकवणाऱ्या लिबेनियसची दीड हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांत शिष्यांसाठी घातलेले शब्द भरपूर. पत्र आटोपशीर, स्पष्ट आणि गोड असावे, हे नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याच शतकात एका पत्रातच सांगून ठेवले. पुढच्या पिढ्यांनी ते गिरवले. बाजारातली ग्रीक बदलत गेली. पत्रातली मात्र अथेन्सच्या जुन्या लेखकांच्या वळणाचीच राहिली. ती ज्याला साधली तो आपल्यातला, असा दरबाराचा अलिखित नियम.

नवव्या शतकात पदावरून काढलेल्या पेट्रिआर्क फोटिओसने हद्दपारीतून सम्राट पहिल्या बॅसिलला लिहिले, तेव्हा आपली पुस्तकेही हिरावून घेतल्याची तक्रार केली. अकराव्या शतकात मायकेल प्सेलोस अनेक सम्राटांच्या दरबारांत वावरला. त्याची सुमारे 500 पत्रे उरली आहेत. प्रांतातल्या न्यायाधीशाला गोड बोलून आपल्या माणसाचे काम करून घेण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. चांगले पत्र मित्रमंडळींत मोठ्याने वाचले जाई. त्या बैठकीला ‘थिएट्रॉन’ म्हणत. खासगीपणाची अपेक्षा कोणालाच नव्हती.

माझा लोभ मात्र बाराव्या शतकातल्या जॉन त्सेत्सेसवर आहे. हा राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिकवण्यावर आणि श्रीमंतांसाठी लिहिण्यावर पोट भरणारा विद्वान. एका पत्रात तो गाऱ्हाणे मांडतो: वरच्या मजल्यावर एक पाद्री राहतो, त्याची पोरे आणि डुकरे तिथेच, आणि वरची घाण खाली आपल्या घरात. पुढे त्याने आपल्या 107 पत्रांचा संग्रह केला आणि त्यांतले दाखले उलगडायला बारा हजारांहून अधिक ओळींचे पद्य रचले. आपल्याच पत्रांवर एवढे भाष्य करणारा दुसरा कोणी मला तरी माहीत नाही.

1204 मध्ये क्रुसेडवाल्यांनी राजधानी लुटली, दरबार निकेआला गेला, 1261 मध्ये परतला. लेखणी थांबली नाही. पुढे पेट्रिआर्क झालेल्या सायप्रसच्या ग्रेगरीला डेमॉस्थेनिसची प्रत हवी होती, पण चर्मपत्रासाठी कातडीच नव्हती. लोक उपास संपवून मांस खाऊ लागेपर्यंत थांबावे लागेल, असे तो लिहितो. सम्राट आठव्या मायकेलची भाची थिओडोरा राउलैना स्वतः हस्तलिखिते उतरवून काढी. ग्रेगरीने तिला लिहिलेली पत्रे आहेत, तिची उत्तरे उरली नाहीत.

आणि मग 1391. सम्राट दुसरा मॅन्युएल मांडलिक म्हणून बायझीद सुलतानाच्या फौजेबरोबर अनातोलियात फिरत होता. तिथून त्याने आपला वडीलधारा मित्र देमेत्रिओस किदोनेसला कळवले, की या उजाड झालेल्या नगरांची जुनी नावे सांगणारे इथे कोणी उरलेले नाही. हा निरोप त्याने कोणाच्या तोंडी न देता पत्रातच घातला.

1453 मध्ये राजधानी पडली. ट्रेबिझोंडमध्ये जन्मलेला आणि आता रोमचा कार्डिनल असलेला बेसारिओन ग्रीक हस्तलिखिते गोळा करत राहिला. 1468 मध्ये त्याने तो सारा संग्रह व्हेनिसला दिला. तिथल्या दोजला, म्हणजे राज्यप्रमुख क्रिस्तोफोरो मोरोला, त्याबद्दल लिहिलेले त्याचे पत्र लॅटिनमध्ये आहे.