नांगरवाले लक्ष्मणराव

परवा तळेगावात शाळेतून परतताना एका कोठ्याच्या भिंतीशी जुना लोखंडी नांगर गंजत पडलेला दिसला. ट्रॅक्टरच्या दिवसांत त्याला कोण विचारतो? मला मात्र लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले.

20 जून 1869 रोजी गुर्लहोसूरला जन्मलेले हे गृहस्थ मुंबईला चित्रकला शिकायला गेले, आणि रंगच नीट ओळखता येईनात! मग ते यंत्रांचे रेखाटन शिकले, तेच शिकवूही लागले. पुढे ती नोकरी सोडून बेळगावच्या सायकलीच्या दुकानात भाऊ रामुअण्णांना जाऊन मिळाले. (आम्हां मास्तरांना ही उडी कुठली जमायला!)

1903 साली त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला. त्याच साली मुलगा शंतनू जन्मला. मुलगा वाढत होता, नांगर मात्र खपत नव्हता. लोखंडाने जमिनीला विष चढते, असे शेतकरी म्हणत. कुणब्याने पोटच्या जमिनीची काळजी केली, त्याला हसू नये. पण दुकानदाराच्या घरी चूल कशी पेटली असेल?

त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोडजवळ माळ दिला. 1910 साली सारे बिऱ्हाड तिथे गेले. निवडुंग आणि साप यांचेच ते राज्य. कामकऱ्यांच्या जेवणाखाणाचा भार राधाबाईंनी उचलला. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली ती आधी त्यांच्या चुलीपाशी, भट्टी मागून पेटली, असे मला वाटते.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले, वयाच्या 88 व्या वर्षी.

कोठ्यातल्या त्या नांगराचे रुमणे अजून शाबूत आहे.